प्रत्येकी एक पेला

७ जानेवारी

छोट्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न फोडताच टाकून दिलंस तर माझा इलाज नाही. फोडलं असशील तर आधीच सांगते, कारखान्याच्या फाटकावर जे झालं त्याबद्दल यात एक ओळही नाही. सव्वीस वर्षं तू सख्ख्या बहिणीशी बोलला नाहीस, तेही मी काढणार नाही. मला झाडांबद्दल विचारायचं आहे.

माझा आवाज गेला. नोव्हेंबरात घशातल्या दोन गाठी काढल्या. वाईट काही निघालं नाही, पण डॉक्टरीणबाईंनी बजावलं आहे: वर्षभर दिवसाला दहा वाक्यं, तीही बेताच्या आवाजात. कुजबुजायचंसुद्धा नाही, त्यानं म्हणे जास्त ताण पडतो. मी विचारलं, 'आणि भाषण?' त्या हसल्या. 'बाई, तुमच्या वाट्याचं बोलून झालंय तुमचं. आता असं काहीतरी करा ज्याला तोंड लागत नाही.'

घरी येऊन दोन महिने भिंतीकडे बघत बसले. वर्तमानपत्र वाचलं की कोणाशी तरी भांडावंसं वाटतं आणि भांडायला वाक्यं पुरत नाहीत. शेवटी ठरवलं. दहा कुंड्या. स्वयंपाकात घालायच्या पानांच्या: कोथिंबीर, मेथी, शेपू, बडीशेप, पुदिना, गवती चहा, मरवा, रोजमेरी, थाइम, सेज. सगळं बीपासून करायचं, विकतचं रोप आणायचं नाही, आणि वर्षाच्या शेवटी दहाच्या दहा जिवंत हवीत. हसू नकोस. आजवर जे जे हाती घेतलं त्याला हजार माणसं लागायची. एकाहत्तराव्या वर्षी एक काम एकटीनं करून बघायचंय, ज्याला टाळ्या नाहीत.

आपल्या घरात झाडांचं जे काही होतं ते तुझं. मोरीजवळच्या डब्यात तू पुदिना लावला होतास आणि मी तो उपटून त्यात पोस्टरची खळ कालवली होती, आठवतं? तुझी आता रोपवाटिका आहे असं मावशीच्या मुलीकडून कळलं. पत्ताही तिनंच दिला, तिच्यावर रागावू नकोस.

तर प्रश्न असा: माती कुठली घ्यावी? माझी गॅलरी तिसऱ्या मजल्यावर आहे. साडेसात ते अकरा ऊन असतं.

ताई


९ फेब्रुवारी

छोट्या,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. माती मी पुस्तकात बघून केली.

वाचनालयातून बागकामाची चार पुस्तकं आणली. त्या लेखकांना ठाम बोलायची सवयच नाही. 'गरजेनुसार पाणी द्यावे', 'बेताचे ऊन असावे'. अरे, बेताचं म्हणजे किती? असा ठराव मी कधी समितीपुढे ठेवला असता तर मला हाकलून दिलं असतं.

म्हणून नियम माझे मीच केले आणि कागदावर लिहून स्वयंपाकघराच्या कपाटाला चिकटवले. दहा कुंड्या एकाच मापाच्या. माती एकाच ढिगातली. सकाळी साडेसहाला पाणी, प्रत्येकी एक पेला, काठोकाठ. कोणाचं जास्त नाही, कोणाचं कमी नाही. पुदिना आणि गवती चहा बीपासून होत नाहीत असं दुकानदार म्हणाला, तेव्हा त्या दोघांच्या काड्या घ्याव्या लागल्या. नियम मोडला म्हणून मला दिवसभर चुटपुट लागली होती.

वरच्या मजल्यावर एक शिंपीणबाई राहतात. आता डोळ्यांनी दिसत नाही म्हणून शिवण सोडलंय आणि दिवसभर माझ्याकडे येऊन बसतात. मी पाटीवर लिहिते, त्या पाटी नाकाला लावून वाचतात. काल मी कुंड्यांसमोरून वही घेऊन जात होते.

'अहो बाई, हजेरी घेताय की काय?'

मी लिहिलं, 'घेते.'

'आणि गैरहजर कोण?'

'रोजमेरी. सत्तावीस दिवस झाले. बाकी सगळे उगवले.'

'मेमो द्या तिला,' असं म्हणून बाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मला हसता येत नाही, घशाला लागतं.

खरं सांगू? फार दमायला होतं. पूर्वी सकाळपासून चार सभा करायचे आणि जेवायची शुद्ध नसायची. आता दहा पेले पाणी घातलं की खुर्चीत बसावं लागतं. पण ती कोथिंबीर माती डोक्यावर घेऊन वर आली ना, तेव्हा मी तिच्यासमोर पाऊण तास बसले होते. एकाहत्तर वर्षांत मी कुठल्याही गोष्टीसमोर पाऊण तास गप्प बसलेली नाही.

रोजमेरीचं काय करू?

ताई


१४ मार्च

छोट्या,

थाइम मेला. सेजचं खोड बुडाशी काळं पडून मऊ झालं, बोट लावलं की लगदा. मरवा पिवळा. रोजमेरी शेवटी उगवली होती, सुईएवढी, तीही आडवी झाली.

मला वाटलं तहानलेले असतील. म्हणून पेला वाढवला, सगळ्यांना दोन दोन. आता मेथी सोडून बाकी निम्मे माना टाकून बसलेत. पुदिना मात्र माजलाय. गवती चहाही. तेच पाणी, तीच माती, तेच ऊन. मग एकानं माजायचं आणि दुसऱ्यानं सडायचं हे कसं? मी कुठे अन्याय केला ते तरी कळू दे.

शिंपीणबाई म्हणाल्या, 'बाई, ती झाडं आहेत. सभासद नव्हेत.'

मी पाटीवर लिहिलं, 'भेदभाव मी कुठेच करत नाही.'

त्यांनी ते वाचलं, पाटी खाली ठेवली. 'मी चाळीस वर्षं कपडे शिवले. सगळ्यांना एकाच मापाचा झगा शिवला असता तर लोकांनी मला चपलेनं मारलं असतं.'

मी त्या दिवशी त्यांना चहा विचारला नाही. त्या आपल्या आपण उठून गेल्या.

तू कारखान्यातल्या काचेच्या भट्टीवरून घरी यायचास तेव्हा बोलायचास, ते आठवत होतं. बाहेरून भट्टी सगळीकडून सारखी लाल दिसते, पण कुठल्या तोंडाला किती आच द्यायची हे बघून बघून कळतं, कागदावर लिहिता येत नाही. तेव्हा मी म्हणायचे, लिहिता येत नाही ते ज्ञान मालकाच्याच उपयोगाचं. मोठ्यानं म्हणायचे. तू गप्प जेवायचास.

असो. भट्टीचं काढणार नव्हते. चुकून आलं.

मला खरंच कळत नाहीये, छोट्या. मी हरते आहे. एवढं तरी सांग.

ताई


२ एप्रिल

छोट्या,

तुझं कार्ड आलं.

पोस्टमननं वर आणून दिलं आणि मी दारातच उभ्यानं वाचलं. 'मातीत बोट घाल, दुसऱ्या पेरापर्यंत. कोरडं लागलं तरच पाणी. सगळ्यांना सारखं घालतेस ना? घालणारच.' खाली सही नाही. मायना नाही. अक्षर तेच, दहावीला असतानाचं, डावीकडे कललेलं. नऊ वेळा वाचलं.

पहिल्या तीन वेळा रागच आला. 'घालणारच' हा शब्द तू मुद्दाम लिहिलास. मग जाऊन बोट घातलं. पुदिन्याची माती भाकरीसारखी कोरडी ठक्क. दोन पेले घालूनही कोरडी, एवढा पितो तो. मरव्याच्या कुंडीत बोट घातलं तर चिखल, वर आंबट वास. रोजमेरी तर बुडून मेली होती. मी रोज सकाळी साडेसहाला उठून, अगदी न्यायानं, एकेकाला बुडवत होते.

मी लिहिणार नाही म्हणाले होते, पण आता लिहिते.

तू संपाच्या एकोणिसाव्या दिवशी संध्याकाळी माझ्याकडे आला होतास. तोवर साहेब लोक कशीबशी भट्टी धुमसत ठेवत होते आणि त्यांनी हात टेकले होते. तू म्हणालास, आम्हा सहा जणांना सूट दे. माल काढणार नाही, फक्त आच राखू. भट्टी विझली की आतली काच थिजते, थिजली की विटा तडकतात, आणि तडकलेली भट्टी परत पेटत नाही. मग संप जिंकून जायचं कुठे? हे तू मला असं समजावत होतास, जणू मी त्याच कारखान्यात वीस वर्षं बाटल्या तपासल्याच नव्हत्या. मी म्हणाले, 'सूट म्हणजे फूट.' मला ते वाक्य फार आवडलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही सहा जण आत शिरलात तेव्हा फाटकावर तीन वेळा वापरलं, आणि तुला गद्दार म्हणाले.

तू निघताना चपला घालत म्हणालास, 'ताई, तू ऐकत नाहीयेस, तू बोलायची वाट बघतेयस.'

आज सकाळपासून मी बोट घालून पाणी घालते. कपाटावरचा कागद काढून टाकला. चार कुंड्या रिकाम्या आहेत.

ताई


२८ मे

छोट्या,

पार्सल पोचलं. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या काड्या, प्रत्येकीला दोऱ्यानं चिठ्ठी: रोजमेरी, सेज, थाइम, मरवा. आणि वर तुझी ओळ, 'बीचा हट्ट सोड.' सोडला. वाळू मिसळून लावल्या, जसं तू लिहिलंस तसं. मरव्याची काडी गेली, बाकी तिघांना नवी पानं आहेत.

कोथिंबिरीला पांढरी फुलं आली आणि ती वाळली, तेव्हा मी तुला घाबरून लिहिलं होतं. त्यावरचं तुझं कार्ड मी जपून ठेवलंय. 'तिचं आयुष्यच तेवढं. तुझी चूक नाही. बी धर, परत पेर.' शिंपीणबाईंना वाचून दाखवलं, दहातली तीन वाक्यं खर्ची घालून. त्या म्हणाल्या, 'भाऊ बरा आहे हो तुमचा. इतकी वर्षं लपवून का ठेवला?'

काय सांगणार? की संप मिटल्यावर वर्षभर कोणी तुझ्याशी बोललं नाही? डबा खायला तू वखारीच्या मागे एकटा बसायचास? तुझ्या बायकोला कोणी नळाच्या रांगेत उभं राहू देईना, म्हणून तू घर हलवलंस, मग गाव हलवलंस? मी हे सगळं बघत होते. पुढारी होते ना, मला सगळं कळायचं. एका शब्दानं थांबवू शकले असते. मी तो शब्द बोलले नाही आणि स्वतःला म्हणत राहिले, लोकांचा राग आहे, त्याला मी काय करणार?

आईला पोचवायला आलास तेव्हा तू दाराशी उभा होतास. मी आत. मधे चाळीस माणसं. सगळे बघत होते, मी तुला आत बोलावते का.

आज खूप थकले आहे. कुंड्यांचं सगळं ठीक आहे. मुळांजवळ गांडूळ दिसलं, चांगलं की वाईट?

ताई


१९ जुलै

छोट्या,

सचिव येऊन गेला. आपल्या निवृत्त कामगार मंडळाचा. पॅकिंगमधला तो, तेव्हा पोरगेला होता, आता त्यालाही गुडघ्याचा पट्टा लागतो. हातात नेहमीची प्लास्टिकची पिशवी.

'बाई, चौदा सप्टेंबर.'

मी घशाकडे बोट दाखवलं.

'भाषण नको. भाषण मी करीन, पडेल तसं. पण यादी तुम्हीच वाचायची.'

मी लिहिलं, 'या वर्षी राहू दे.'

'असं कसं? ती यादी झाल्याशिवाय लोक उठत नाहीत. चहासुद्धा यादीनंतर ठेवतो आपण. सहा तर नावं आहेत. दोन मिनिटांचं काम.'

तुला सगळं कळतं हे मला ठाऊक आहे. लंब्या तुला दर वर्षी कळवतो. तुम्हा सहांतला या गावात तो एकटाच उरलाय. तरीही माझ्या हातानं लिहायला हवं: संपाच्या स्मृतिदिनाला मी दर वर्षी आधी वर्षभरात गेलेल्यांची नावं वाचते, मग भट्टीवर गेलेल्या सहा जणांची. प्रत्येक नावानंतर सभा म्हणते, 'शरम!' ही पद्धत पहिल्या वर्षी मीच पाडली. पंचवीस वेळा मी तुझं नाव वाचलंय, बापाच्या नावासकट. कारखाना बंद पडून बारा वर्षं झाली, त्या जागी आता गोदाम आहे, पण यादी चालू आहे.

मी सचिवाला पाटीवर लिहून दिलं, 'डॉक्टर परवानगी देणार नाहीत.' तो हिरमुसून गेला. मला हलकं वाटलं. घसा ऐन वेळी कामाला आला बघ. न वाचता सुटले, कोणाला काही सांगावंही लागलं नाही.

तुला बरं वाटेल म्हणून कळवते.

थाइमला बारीक जांभळी फुलं आलीत.

ताई


११ ऑगस्ट

छोट्या,

या वेळी कार्ड नव्हतं, पत्र होतं. पाच ओळी, पण मायना होता. 'ताई' असं लिहिलं होतंस. ते वाचून मला वाटलं आता सगळं नीट होणार, आणि पुढच्या ओळीला तू मला पकडलंस.

'घशाचं कारण सांगून सुटू नकोस. तू नाही वाचलंस तर सचिव वाचेल. लोक म्हणायचं ते म्हणतील. दर वर्षी त्या दिवशी मी घरातला फोन काढून ठेवतो, लंब्याचा येईल म्हणून. पत्रातून माझी माफी मागू नकोस. चारचौघांत बोललीस ते चारचौघांत काढ.'

मी दोन दिवस झाडांना पाणी घातलं नाही. शिंपीणबाईंनी घातलं, सगळ्यांची बोटानं माती बघून, आंधळ्या माणसासारखं चाचपत.

तू मागतोयस ते सोपं नाही. तिथे आता साठेक माणसं येतात. कोणाला ऐकू येत नाही, कोणाचे हात थरथरतात. त्यांच्यापाशी नोकरी नाही, कारखाना नाही, संपाच्या त्या एकतीस दिवसांशिवाय सांगण्यासारखं काही उरलेलं नाही. त्यातलं मी काढून घ्यायचं? त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवून पोरांना उपाशी ठेवलं होतं. ती माणसं मला 'बाई' म्हणतात तेव्हा अजून उठून उभी राहतात.

आणि संप बरोबर होता. हे मी मागे घेणार नाही, तू हजार पत्रं लिहिलीस तरी. आठ तासांची पाळी, जळलेल्या हातांना औषध, बायकांना बसायला बाकडं, हे त्या संपानं मिळालं.

पण एक गोष्ट आहे जी तुला माहीत नाही. कोणालाच माहीत नाही. ती मी आता लिहिणार नाही, कारण तू म्हणतोस ते खरं आहे, आधी तिथे बोलायला हवी. डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, 'माइक तोंडाशी धरून दहा मिनिटं. त्यापुढे गेलात तर मी जबाबदार नाही.'

सचिवाला निरोप दिला, मी येते. तो इतका खूश झाला की मला लाज वाटली.

ताई


१५ सप्टेंबर

छोट्या,

झाडांचं आधी सांगते, कारण पुढचं लिहायला हात धजत नाही. नऊ कुंड्या जिवंत आहेत. कोथिंबीर तिसऱ्यांदा पेरली. मरवा मी परत लावला नाही.

काल सभा झाली. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर, नेहमीच्या दुमडायच्या खुर्च्या. मोजून अठ्ठावन्न माणसं. सचिवानं भाषण केलं, वाईट केलं. मग मला माइक दिला. आधी वर्षभरात गेलेल्यांची नावं वाचली, सात होती. मग त्यानं प्लास्टिकच्या पिशवीतून यादी काढून दिली. कागदाला घड्यांवर भोकं पडलीत.

पहिलं नाव मिस्त्रींचं. मी ते वाचलं आणि श्वास घेते न घेते तोच पुढच्या रांगेतून आलं, 'शरम!' म्हणणाऱ्यानं वरसुद्धा बघितलं नाही. तो चष्मा पुसत होता.

मी हात वर केला. म्हणाले, 'थांबा. आज हे म्हणू नका.'

त्यांना वाटलं घसा दुखतोय. कोणीतरी पाणी आणलं.

मग मी बोलले. आयुष्यभर बोलले तसं नाही, तेवढा आवाजच नाही. म्हणाले, 'संप बरोबर होता. पण या सहा जणांनी अकरा दिवसांत एक बाटली काढली नाही. त्यांनी फक्त आच राखली. संप मिटल्यावर दुसऱ्या सकाळी तुम्ही कामावर गेलात, पुढे चौदा वर्षं गेलात, ते याच भट्टीवर. ती विझली असती तर आपण जिंकलेल्या मागण्या घेऊन कुठल्या फाटकात शिरलो असतो? आणि हे मला आज कळलेलं नाही. ते आत गेल्यावर तिसऱ्या दिवशी गोदामवाला मला येऊन सांगून गेला होता की एक खोकं हललेलं नाही. चिमणीचा धूर बघूनही कळत होतं. संप ढेपाळत होता. तुम्ही थकला होतात आणि माझ्याकडे रागानं बघायला लागला होतात. त्या रागाला दुसरी जागा हवी होती. ती जागा म्हणून मी हे सहा जण दाखवले. त्यात माझा भाऊ होता, म्हणून तुमचा माझ्यावर जास्तच विश्वास बसला.'

सहा मिनिटं झाली असतील.

मग चष्मेवाला उभा राहिला. 'म्हणजे आम्ही एवढी वर्षं काय ओरडत होतो?'

'मी ओरडायला लावलं ते.'

'आणि आज सांगताय? निम्मी माणसं वर गेली, बाई! त्यांना कोण सांगणार?'

तो काठी घेऊन निघून गेला. त्याच्यामागे आणखी चौघं. एक बाई, जिच्या मुलीचं लग्न मी जुळवलं होतं, जाताना माझ्याकडे बघून म्हणाली, 'शोभलं नाही तुम्हाला.' सचिव माइकला हात घालून म्हणाला, 'बाई, घसा सांभाळा, बसा आता.'

तेवढ्यात मागच्या रांगेतून आवाज आला, 'परत वाचा.'

मिस्त्रींच्या घरच्या. तुला आठवत असतील, पॅकिंगला होत्या, ठेंगण्या. त्या मंडळाच्या सभासद आहेत आणि दर वर्षी येतात. मिस्त्री गेले त्यालाही अकरा वर्षं झाली. मला नेहमी वाटायचं, नवऱ्याच्या नावानं शरम ऐकायला ही बाई येते तरी कशाला? मनात म्हणायचे, संघटनेची शिस्त आहे.

सचिव म्हणाला, 'वहिनी, आता कशाला?'

'कशाला म्हणजे? पंचवीस वर्षं मी इथे येऊन बसते. ह्यांचं नाव घेतात तिथे घरचं कोणीतरी असावं म्हणून येते. आज परत वाचा. सहाच्या सहा वाचा. आणि मागून कोणी एक अक्षर बोलायचं नाही.'

मी वाचली. प्रत्येक नावानंतर थांबले, तो शब्द म्हणायला लागायचा तेवढा वेळ. तुझं नाव पाचवं. ते नीट उमटलं, बापाच्या नावासकट. सहाव्याला घशातून हवाच आली नुसती. ते नाव मिस्त्रींच्या घरच्या बाईंनी मागून म्हटलं.

चहा कोणी घेतला नाही. सचिवानं खुर्च्या दुमडता दुमडता सांगितलं की पुढच्या वर्षी मला त्रास देणार नाहीत. मंडळात राहायचं की नाही त्याचा विचारही मीच करावा, असं सुचवलं.

जिन्यात लंब्या उभा होता. तो कधीच आत येत नाही, पायरीवर उभा राहून ऐकतो. सव्वीस वर्षांत मी त्याला तिथे पाहिलं नव्हतं, की पाहून न पाहिल्यासारखं केलं होतं, आता मलाच सांगता येत नाही. म्हातारा झालाय, वाकलाय.

तो म्हणाला, 'छोट्याचा फोन बंद आहे. मी उद्या सांगू, की तुम्ही लिहिणार?'

'मी लिहिते.'

'काय लिहिणार?'

माझी दहा वाक्यं कधीच संपली होती. मी नुसती मान हलवली. तो म्हणाला, 'सरळ लिहा, बाई. तुम्ही लिहायला बसलात की फार छान लिहिता. तसं नको.'

म्हणून सरळ लिहिते. पहिले दोन दिवस मी तुला गद्दार म्हणाले ते चुकून म्हणाले. पुढचे नऊ दिवस आणि पंचवीस वर्षं जाणूनबुजून म्हणाले.

ताई